ब्लूज गिटार: आधी अंगठा ऐका

१९६३ साली टॉम हॉस्किन्स नावाचा एक तरुण वॉशिंग्टनहून गाडी काढून मिसिसिपी राज्यात एका गायकाला शोधायला गेला. हाताशी धागा एकच, १९२८ सालची जुनी रेकॉर्ड. तिच्यातल्या गाण्यात गायक ॲव्हलॉन हे आपलं गाव असल्याचं सांगतो. नेहमीच्या नकाशांत ते गाव दिसत नव्हतं, एका जुन्या ॲटलासमध्ये सापडलं. हॉस्किन्सनं तिथे जाऊन चौकशी केली, तर मिसिसिपी जॉन हर्ट खरोखरच त्या गावात राहत होता. सत्तरीला आलेला, शेतावर राबणारा. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो हजारो लोकांपुढे वाजवत होता.

आता गंमत बघा. गाव मिसिसिपीत, नावात मिसिसिपी. ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या माणसांचं संगीत, पण 'मिसिसिपीचा ब्लूज' असं समजून हर्ट ऐकायला बसलात तर गोंधळून जाल. त्या राज्यातले नावाजलेले गिटारवादक तारा ओढतात, ठोकतात, आरडाओरडा करतात. हर्टचं वाजवणं म्हणजे कुणीतरी मुलाला थोपटून निजवतंय असं. त्याच्या हाताचं नातं शेकडो मैल पूर्वेकडच्या कॅरोलिना-जॉर्जियातल्या वादकांशी जुळतं. नकाशानं माणूस सापडला, पण त्याचा बाज नकाशावरून कळला नसता.

ब्लूज नव्यानं ऐकणाऱ्याची वाट बहुतेक वेळा इथेच चुकते. डेल्टा, पीडमाँट, टेक्सस, शिकागो ही नावं पाठ होतात, पण कानात फरक उतरत नाही. मग 'याच्यासारखं आणखी कोण' या प्रश्नाचं उत्तर ॲपवर सोपवलं जातं. मी एक साधी खूण धरून चालतो: वादकाच्या उजव्या हाताचा अंगठा काय करतोय? एकटा माणूस गिटार घेऊन बसला की जाड तारांवरचा अंगठा हा त्याचा तबलाही असतो आणि तानपुराही. बाकीची बोटं बारीक तारांवर गाण्याला उत्तरं देतात. अंगठ्याची चाल बदलली की प्रांत बदलतो.

त्याआधी ढाचा बघून घेऊ, दोन मिनिटांचं काम आहे. ब्लूजचं नेहमीचं आवर्तन बारा बारचं, प्रत्येक बारमध्ये चार मात्रा, म्हणजे एकूण ४८. पहिले चार बार सा-वरच्या कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर), मग दोन म-वर, दोन परत सा-वर, मग एक प, एक म आणि शेवटचे दोन सा. शब्दांची मांडणीही त्याला धरूनच: एक ओळ गायची, तीच पुन्हा गायची, तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावायचा. प्रत्येक ओळीनंतर जागा मोकळी सुटते, तिथे गिटार बोलते. आणि ज्या स्वरांमुळे काळजाला ओढ लागते ते कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये कुठेतरी असतात. पियानोवर ते सापडत नाहीत. तार ओढून किंवा तारेवर काच सरकवूनच तिथे पोचावं लागतं. मींड माहीत असलेल्या कानाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

डेल्टा म्हटलं की आपल्याला शाळेतला त्रिभुज प्रदेश आठवतो, नदी समुद्राला मिळते तिथला. हा तो नव्हे. मेम्फिसपासून खाली व्हिक्सबर्गपर्यंत, मिसिसिपी आणि याझू या नद्यांच्या मधली ही सपाट गाळाची जमीन. कापूस उदंड. जमीन गोऱ्या मालकाची, राबणारं कुटुंब काळं, आणि हिशोब अर्धेलीचा, ज्यात वर्षाअखेरीस कर्जच शिल्लक राहायचं. डॉकरी नावाच्या अशाच एका मळ्यावर चार्ली पॅटन वाढला. पॅटनचा अंगठा तारेला हळूच स्पर्श करत नाही, तो तार उपटतो आणि लाकडावर आपटू देतो. मध्येच गिटारच्या पोटावर थाप. खोलीत माणसं नाचताहेत, माइक नाही, त्या कल्लोळाच्या वर जायचं तर दुसरा इलाज काय? सन हाउसचा अंगठाही तसाच दणकट. रॉबर्ट जॉन्सननं मात्र त्या अंगठ्याला वेगळं वळण लावलं. पियानोवाल्याचा डावा हात खर्जात जसा डुगडुग चालतो तशी चाल त्यानं जाड तारांवर आणली. १९३६ च्या नोव्हेंबरात सॅन अँटोनिओला आणि १९३७ च्या जूनमध्ये डॅलसला त्याची एकूण २९ गाणी मुद्रित झाली आणि १९३८ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. चौकात सैतानाला आत्मा विकल्याची गोष्ट सगळेच सांगतात. मला त्यापेक्षा तो सन हाउसच्या मागे मागे हिंडून शिकला हे जास्त कामाचं वाटतं, कारण त्यातून पुढे कुणाला ऐकायचं ते कळतं.

डेल्टाची दुसरी ओळख म्हणजे स्लाइड. बाटलीची मान कापून बोटात घालायची किंवा चाकूचं पातं तारेवर टेकवून सरकवायचं. १९०३ च्या सुमारास डब्ल्यू. सी. हँडी या वाद्यवृंदप्रमुखानं टटवायलरच्या स्टेशनावर असा चाकू सरकवत वाजवणारा माणूस पाहिला आणि ते सूर त्याच्या डोक्यातून गेले नाहीत. स्लाइडसाठी तारा बहुधा अशा लावून घेतात की नुसत्या छेडल्या तरी पूर्ण कॉर्ड वाजावी, याला ओपन ट्युनिंग म्हणतात. या सरकत्या सुरामागे दोन वाटा दिसतात. एक भिंतीला ठोकलेल्या एका तारेवर बाटली घासून वाजवायची, दक्षिणेतल्या काळ्या मुलांची. दुसरी हवाईतल्या मांडीवरच्या गिटारची, जी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकाभर गाजली आणि पुढे भारतातही पोचली. तिलाच आपल्याकडे रागसंगीताचं शिक्षण मिळालं. जयपूरच्या विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेचं मूळ तिथलं. भट्टांनी अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबर केलेल्या ध्वनिमुद्रणाला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. आणि कूडरचा एक मोठा आदर्श कोण, तर टेक्ससचा अंध गायक ब्लाइंड विली जॉन्सन.

या जॉन्सननं १९२७ साली डॅलसमध्ये एक गाणं मुद्रित केलं. त्यात शब्द नाहीत, नुसता हुंकार आणि त्याला लगटून चालणारी स्लाइड. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसवली, तिच्यात हे गाणं आहे. त्याच तबकडीत गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. दोघांनाही एकामागोमाग ऐकून बघा. साथ वेगळी, धर्म वेगळा, पण सूर जिथे नेऊन सोडायचा तिथवर जायची दोघांची रीत फार लांबची वाटत नाही.

डेल्टाच्या कडेला बेंटोनिया नावाचं छोटं गाव आहे. तिथला स्किप जेम्स तारा मायनर, म्हणजे कोमल गंधाराच्या कॉर्डमध्ये लावायचा, त्यामुळे सगळ्यावर एक थंडगार सावली येते. अंगठाही ठोकत नाही, बोटांच्या बरोबरीनं सूर विणतो. १९३१ मध्ये त्यानं विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला रेकॉर्डिंग केलं, पॅरामाउंट कंपनीसाठी. ही कंपनी मुळात खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची, फोनोग्राफची कपाटं खपावीत म्हणून रेकॉर्ड काढणारी. असं काही वाचलं की वाटतं, आपण ज्याला परंपरा म्हणतो त्यातलं किती तरी फर्निचरच्या धंद्यामुळे वाचलंय. स्किप जेम्स आवडला तर डेल्टात परत जाऊ नका, बेंटोनियातच थांबा. तिथे ब्लू फ्रंट कॅफे चालवणारा जिमी 'डक' होम्स आजही तसाच बाज वाजवतो.

डेल्टाच्या पूर्वेला जमीन चढते, लहान शेतं आणि टेकड्या लागतात. हा मिसिसिपीचा हिल कंट्री. बारा बारचा जो ढाचा वर सांगितला तो इथे विसरायचा. कॉर्ड बहुधा एकच, आणि त्या एकाच कॉर्डवर एक छोटा तुकडा पुन्हा, पुन्हा, पुन्हा. अंगठा घुमत राहतो, ढोलासारखा. ढोलाशी संबंध आहेच, कारण या भागात बासरी आणि ढोलांची पथकं होती, ओथा टर्नर त्यांतला सगळ्यात माहितीतला. मिसिसिपी फ्रेड मॅकडॉवेलला लोकसंगीत गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सनं १९५९ मध्ये कोमो गावी ध्वनिमुद्रित केलं. मॅकडॉवेलकडून आर. एल. बर्नसाइड शिकला. ज्युनियर किम्ब्रोचा स्वतःचाच नाचाचा अड्डा होता, तो त्याच्या मृत्यूनंतर २००० साली जळाला. पहिल्यांदा ऐकताना 'हे गाणं पुढे का सरकत नाही' असं मलाही झालं होतं. नंतर उमजलं, ते सरकण्यासाठी नाहीच, एका जागी घुमण्यासाठी आहे. कीर्तनाच्या गजरात पुढे काय येणार हे कुणी विचारत नाही.

पीडमाँट म्हणजे ॲपलेशियन पर्वतरांगेच्या पूर्वेकडचं पठार, व्हर्जिनियापासून जॉर्जियापर्यंत. इथे अंगठा घड्याळासारखा. एकदा या जाड तारेवर, एकदा त्या, टिक-टॉक, टिक-टॉक, आणि त्याच्यावर बोटं रॅगटाइम, म्हणजे जॅझच्या आधीच्या उसळत्या पियानोच्या उजव्या हातासारखी नाचतात. म्हणून एकच माणूस दोघांचं वाजवतोय असं वाटतं. तंबाखूच्या गोदामांचं डरहॅम हे गाव त्याचं एक केंद्र होतं. मजुरांच्या हातात पगार पडायचा, गोदामाबाहेर ब्लाइंड बॉय फुलर वाजवत उभा. ब्लाइंड ब्लेकचा अंगठा घड्याळही मोडतो, मुद्दाम अडखळतो, पुढच्या मात्रेवर आधीच उडी मारतो, आणि ते ऐकून हसू येतं. रेव्हरंड गॅरी डेव्हिस फक्त अंगठा आणि तर्जनीनं हे सगळं करायचा, मग न्यूयॉर्कला गेल्यावर कित्येक तरुण गोऱ्या पोरांना शिकवायचा. अटलांटाचा ब्लाइंड विली मॅक्टेल बारा तारांची गिटार वापरायचा. नावांपुढे इतक्यांदा 'ब्लाइंड' येतं त्याचं कारण साधं आहे: शेतात किंवा कारखान्यात काम न मिळणाऱ्या अंध माणसाला रस्त्यावरचं वाजवणं हे पोट भरायचं साधन होतं. शिवाय रेकॉर्ड कंपन्यांनाही ते नावात घालायला आवडायचं.

जॉन हर्टचा अंगठा या घड्याळाच्या घरातला. म्हणून तो आवडला तर त्याच्या गावकऱ्यांकडे न जाता एटा बेकर, जॉन जॅक्सन, जॉन सेफस यांच्याकडे जायचं.

टेक्सस मोठा, पसरलेला, आणि तिथला ब्लूजही ऐसपैस. ब्लाइंड लेमन जेफरसन डॅलसच्या डीप एलम वस्तीत वाजवायचा. १९२६ ते १९२९ एवढ्या थोड्या वर्षांत त्याच्या रेकॉर्डी देशभर गेल्या. तो गाताना गिटार जवळजवळ थांबवतो, ओळ संपली की एका तारेवर लांबलचक उत्तर देतो, मात्रा मोजत नाही. मान्स लिप्सकम आणि लाइटनिन हॉपकिन्स यांचा अंगठा एकाच जाड तारेवर ठक ठक ठक चालतो, पीडमाँटसारखा झोके घेत नाही. हॉपकिन्स तर कॉर्ड मनाला येईल तेव्हा बदलायचा. साथीदारांनी तोंडाकडे बघत राहायचं. पण टेक्ससनं जगाला दिलेली मोठी गोष्ट वेगळी. डॅलसच्या रस्त्यांवर लहानपणी ब्लाइंड लेमनला हात धरून नेणारा टी-बोन वॉकर. त्याच्या हातात पुढे विजेची गिटार आली, आणि अंगठ्याच्या जबाबदाऱ्या त्यानं वाद्यवृंदाच्या हवाली केल्या. गिटार आता सॅक्सोफोनसारखी एकेक सूर घेत गाऊ लागली.

शिकागोतही अंगठ्याची नोकरी अशीच गेली, मात्र वेगळ्या कारणानं. विसाव्या शतकात काही दशकांमध्ये सुमारे ६० लाख काळी माणसं दक्षिण सोडून उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे गेली. डेल्टाच्या माणसाला इलिनॉय सेंट्रलची गाडी थेट शिकागोला नेऊन सोडायची. डेल्टातल्या स्टोवॉल मळ्यावर मडी वॉटर्सला लोमॅक्स आणि जॉन वर्क यांनी १९४१ मध्ये ध्वनिमुद्रित केलं. १९४३ मध्ये तो शिकागोला गेला. तिथल्या गोंगाटाच्या बारमध्ये साधी गिटार ऐकूच येईना, मग वीज आली, मागे ड्रम, बास, पियानो, आणि लिटल वॉल्टर माइकमध्ये फुंकतोय तो हार्मोनिका. अंगठ्याची कामं बास आणि ड्रमनं वाटून घेतली. कान देऊन ऐका, मडीची स्लाइड मात्र डॉकरी-स्टोवॉलकडचीच आहे, फक्त व्होल्टेज वाढलंय. शिकागोचा दक्षिण भाग असा डेल्टाचा शहरी भाऊ. पश्चिम भागात पन्नाशीच्या दशकाअखेर ओटिस रश, मॅजिक सॅम आणि बडी गाय यांचा वेगळा बाज उभा राहिला. हार्मोनिका कमी, मायनर कॉर्ड जास्त, गिटार पुढे आणि कापरी. बडी गाय २०११ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सवाच्या पहिल्याच वर्षी येऊन वाजवून गेले, त्यामुळे इकडच्या बऱ्याच जणांनी हा बाज प्रत्यक्ष ऐकलाय.

लुइझियानाचं थोडक्यात सांगतो. बॅटन रूजच्या आसपासचे स्लिम हार्पो, लाइटनिन स्लिम यांची गाणी जे. डी. मिलर क्राउली गावी मुद्रित करायचा आणि ती नॅशव्हिलच्या एक्सेलो कंपनीकडून बाहेर यायची. आळसावलेली लय, थरथरणारा गिटारचा आवाज, दुपारी जेवण झाल्यावर ऐकायचं संगीत. 'लुइझियाना' हे नाव इथे प्रांताचं कमी, एका स्टुडिओच्या भिंतींचं जास्त.

वीज आल्यावर अंगठा ऐकून भागत नाही, डावा हात ऐकावा लागतो. बी. बी. किंगच्या आईचे मावसभाऊ बुका व्हाइट स्लाइडचे उस्ताद. किंगला स्लाइड काही जमेना, म्हणून तो आवाज त्यानं बोटाच्या थरथरीतून काढला. एकच सूर, पण तो हलतो कसा यावरून दोन सेकंदांत किंग ओळखू येतो. तो टी-बोन वॉकरचा भक्त. आल्बर्ट किंग त्याचा नातेवाईक नव्हे. हा डावखुरा, उलटी धरलेली गिटार, त्यामुळे इतर जण ज्या तारा वर ढकलतात त्या हा खाली खेचायचा. सूर किंचाळत वर चढतो. स्टीव्ही रे व्हॉन टेक्ससचा, पण त्याचं तार ओढणं बघा, आल्बर्ट किंग समोर उभा राहतो. व्हॉन आवडला म्हणून टेक्ससच्या यादीतल्या सगळ्यांना ऐकत बसलात तर मान्स लिप्सकमपाशी तुम्ही बुचकळ्यात पडाल. थेट आल्बर्टकडे जा.

ॲपवरचं 'असेच कलाकार' नेमकं इथे फसतं. ते बहुतांशी ऐकणाऱ्यांच्या सवयींवर चालतं: याला ऐकणाऱ्यांनी आणखी काय ऐकलं. त्यामुळे ते प्रसिद्ध माणसाच्या शेजारी प्रसिद्ध माणूस बसवतं. स्किप जेम्सनंतर मला तिथे रॉबर्ट जॉन्सन मिळाला, बेंटोनियाचा होम्स नाही. ॲपचा दोष म्हणता येत नाही, त्याला अंगठा दिसत नाही.

त्याऐवजी रेकॉर्डच्या पाठीमागे बघायची सवय लावा. शिकागोच्या हाउलिन वूल्फच्या आवाजानं भारावून जातो आपण, पण त्यामागे ती वाकडी, अनपेक्षित गिटार वाजवणारा ह्यूबर्ट समलिन. त्याच्या नावानं शोधलंत तर वेगळंच दार उघडतं. गुरू कोण, साथीला कोण, कोणत्या कंपनीनं काढलं. फॅट पॉसम कंपनीचा शिक्का दिसला तर हिल कंट्री असण्याची शक्यता दाट. आर. एल. बर्नसाइडचा नातू सेड्रिक आधी आजोबांच्या मागे ड्रम वाजवायचा, आता गिटार घेऊन पुढे बसतो. २०२२ मध्ये त्याला पारंपरिक ब्लूजचं ग्रॅमी मिळालं. त्याच दिवशी आधुनिक ब्लूजचं ग्रॅमी क्लार्क्सडेलच्या क्रिस्टोन 'किंगफिश' इंग्रमला. दोघे एकाच राज्याचे. एकाच्या गिटारीत टेकडीवरचा ढोल, दुसऱ्याच्या गिटारीत बी. बी. आणि बडी गाय.

आणि कधी धागा समुद्रापलीकडेही जातो. एका कॉर्डवर घुमणारं संगीत आवडलं, जॉन ली हूकरचा पायानं धरलेला ठेका आवडला, तर मालीतल्या अली फार्का तूरेला ऐका. त्याला लोक आफ्रिकेचा हूकर म्हणायचे. तो स्वतः मात्र हे संगीत आमच्याच नदीकाठचं आहे असं ठामपणे सांगायचा. तूरेबरोबरही वाजवणारा कोण, तर पुन्हा राय कूडर.

आता माझ्या खुणेचा पराभव सांगतो. एलिझाबेथ कॉटन, नॉर्थ कॅरोलिनाची, डावखुरी. गिटार तिनं तारा न बदलता उलटी धरली. म्हणजे जाड तारा बोटांकडे गेल्या आणि गाण्याची चाल आली अंगठ्याकडे. लहानपणी स्वतः रचलेलं गाणं जगभर गाजायच्या आधी ती लोकसंगीतातल्या सीगर कुटुंबाच्या घरी स्वयंपाक-झाडलोट करत होती. ग्रॅमी मिळालं तेव्हा तिनं नव्वदी ओलांडली होती. कानाला ती शुद्ध पीडमाँट वाटते. व्हिडिओत हात बघितला तर टिक-टॉक करतेय तर्जनी, आणि अंगठा गातोय.